भीतीचा पत्ता

डिसेंबर २०२२ संपता संपता पुण्यात सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात दोन पोरं कोयते घेऊन रस्त्यावर उतरली. दिसेल त्याच्या अंगावर धावून जाणं, दुकानांची मोडतोड, पळापळ असा प्रकार काही मिनिटं चालला. दोघांपैकी एक तिथेच पोलिसांच्या हाती लागला. त्याला भर रस्त्यात चोप बसतानाची चित्रफीत रात्रीतून घरोघरी पोचली. नागपुरात तेव्हा विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. त्या वेळचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी हडपसर-मांजरी भागातल्या कोयतेवाल्यांचा विषय त्याच सुमाराला सभागृहात काढला आणि कडक कारवाई मागितली. नवं वर्ष उजाडलं तेव्हा ‘कोयता गँग’ हे नाव पुण्याच्या पानापानावर छापलं जात होतं.

हे नाव सोयीचं होतं. मथळ्याच्या एका ओळीत बसायचं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच चित्र उभं करायचं. मग वाढदिवसाचा केक कोयत्याने कापणारं टोळकं कोयता गँग झालं. दारूच्या नशेत गल्लीतल्या रिक्षा आणि दुचाकी फोडणारे कोयता गँग झाले, हॉटेलच्या बिलावरून हाणामारी करणारेही झाले. येरवड्यातला पोरगा आणि सिंहगड रस्त्यावरचा पोरगा यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसलं, तरी छापील शाईत ते एकाच टोळीचे सदस्य ठरत. या नावाची एकसंध टोळी पुण्यात नव्हती. होती ती वेगवेगळ्या वस्त्यांतली वेगवेगळी टोळकी. त्यांत अल्पवयीन मुलं बरीच होती आणि त्यांच्या हाती बाजारात सहज मिळणारं एक हत्यार होतं. त्यांनी केलेल्या जखमा खऱ्या होत्या, ज्यांची दुकानं फुटली त्यांचं नुकसानही खरं होतं. पण कोयत्याने झालेला गुन्हा आणि ‘कोयता गँगचा धुमाकूळ’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. पहिली वाचून वाचक हळहळतो. दुसरी वाचून तो मुलीला क्लासला एकटी पाठवायचं बंद करतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पुणे पोलिसांनी आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी बक्षिसं जाहीर केली. कोयतेवाला पकडला की ३ हजार रुपये. कोयते विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहावं असंही ठरलं. ऊसतोडीच्या हंगामात, ज्या हत्यारावर राज्यातल्या लाखो मजुरांची चूल पेटते, त्या हत्याराला ओळखपत्राची अट! बक्षीस लावल्यावर कोयतेवाले जास्त सापडणार, जास्त सापडल्यावर बातम्या जास्त होणार आणि बातम्या वाढल्यावर बक्षीस योग्यच होतं असं वाटणार. या रहाटगाडग्यात कोणी मुद्दाम खोटं बोलत नाही. लबाडीची गरजच पडत नाही, हेच त्यातलं लक्षात घेण्याजोगं.

हे सगळं नवं आहे असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७६ च्या शरदात वृद्धांवरच्या हल्ल्यांची लाट आल्याची ओरड झाली. तीन दैनिकं आणि पाच दूरचित्रवाणी केंद्रं जवळजवळ सात आठवडे याच विषयाला चिकटून होती. मार्क फिशमन हा समाजशास्त्राचा अभ्यासक त्या वेळी योगायोगाने एका स्थानिक वाहिनीच्या वृत्तकक्षात बसून बातमी कशी तयार होते ते पाहत होता. पोलिसांचे आकडे त्याने नंतर तपासले तेव्हा वृद्धांवरच्या गुन्ह्यांनी काही वेगळीच उसळी घेतल्याचं दिसेना. उलट वृद्धांच्या खुनांची संख्या आदल्या वर्षापेक्षा १९ टक्क्यांनी घटलेली. मग लाट आली कुठून? शहराच्या पोलीस दलात वृद्धांच्या लुटीचा तपास करणारं एक खास पथक होतं. ते वार्ताहरांना हव्या तेवढ्या घटना पुरवत होतं. एका वर्तमानपत्राने विषय लावला म्हणून दुसऱ्याने घेतला, दुसऱ्याने घेतला म्हणून वाहिनीने घेतला. एरवी आतल्या पानावर दोन ओळींत संपणारी चोरी ‘वृद्धांवरचा आणखी एक हल्ला’ म्हणून पुढे येऊ लागली. फिशमनचा निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही गुन्हेवार्तेच्या अभ्यासात त्याचं नाव निघतं.

त्याहून गमतीची हकिकत त्याच शहरातली, ऐंशी वर्षं आधीची. लिंकन स्टेफन्स आणि जेकब रिस हे दोन नामवंत बातमीदार पोलीस मुख्यालयात बसत. स्टेफन्सला एका घरफोडीची हकिकत कळली, त्याने छापली. रिसच्या संपादकाने त्याला जाब विचारला, तेव्हा त्यानेही एक शोधून छापली. मग दोघांत चढाओढ लागली, बाकीची पत्रंही उतरली आणि शहरात गुन्ह्यांची लाट आल्याचा बोभाटा झाला. पोलीस मंडळाचा अध्यक्ष होता थिओडोर रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. त्याने दोघांना बोलावून घेतलं, प्रकरण समजून घेतलं आणि चढाओढ थांबवायला लावली. लाट ओसरली. चोर मात्र जेवढे होते तेवढेच राहिले. स्टेफन्सने ही गोष्ट आत्मचरित्रात मजेमजेत सांगितली आहे.

मराठी वृत्तपत्रातल्या क्राइम रिपोर्टरला हे वाचून हसू येईल, आश्चर्य वाटणार नाही. त्याचा दिवस पोलीस आयुक्तालयापासून सुरू होतो. पूर्वी नियंत्रण कक्षाला फोन लावून ‘आज काय?’ विचारायचं, आता पोलिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रेसनोट येऊन पडते. स्थानिक पुरवणीची पानं रोज भरायची असतात, गुन्हे कमी झाले म्हणून पानं कमी होत नाहीत. प्रेसनोटमध्ये काय असतं? पोलिसांना जे सांगायचं असतं ते. ‘अट्टल चोरटे जेरबंद’, ‘टोळीवर मोक्का’, ‘सराईतास बेड्या’. सोबतचा फोटो ठरलेला: तोंडावर काळे बुरखे चढवलेले चार जण मधे, दोन्ही बाजूंना अधिकारी, पुढ्यात जप्त केलेला माल. अलीकडे त्यात धिंडीची भर पडली आहे. ज्या गल्लीत आरोपीने दहशत माजवली त्याच गल्लीतून त्याला लंगडत चालवायचं, त्याच्याकडून हात जोडून घ्यायचे आणि त्याची रील फिरवायची. गुन्हा सिद्ध व्हायचा असतो, आरोपपत्रही दाखल झालेलं नसतं. प्रेक्षक मात्र टाळ्या वाजवून मोकळा होतो.

वार्ताहराचा यात दोष किती? पगार तुटपुंजा, डेडलाइन डोक्यावर, आणि ज्या पोलीस निरीक्षकाकडून उद्याची बातमी मिळायची आहे त्याच्याच आजच्या बातमीवर शंका घ्यायची, हे व्यवहारात कठीण. चांगले वार्ताहर तरीही घेतात. पण त्यांच्या शंकेला अर्धा कॉलम मिळतो आणि प्रेसनोटला फोटोसकट तीन.

आकड्यांकडे वळलं की चित्र आणखी विचित्र होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या म्हणजे एनसीआरबीच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदवले गेले. लाखामागे साधारण दोन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच प्रमाण साडेचारच्या आसपास होतं. म्हणजे तीस वर्षांत खुनाचा दर निम्म्याहून खाली आला. याच तीस वर्षांत देशात चोवीस तास चालणाऱ्या वृत्तवाहिन्या आल्या, १९९८ मध्ये सुहैब इलियासींचा ‘इंडियाज मोस्ट वाँटेड’ गाजला, २००४ मध्ये ‘सनसनी’ सुरू झाला, २००७-०८ च्या आगेमागे मराठी वृत्तवाहिन्यांची रांग लागली, आणि ‘दिवस वाईट आलेत, माणसाचा भरवसा राहिला नाही’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सर्वमान्य झालं. खून घटत गेले आणि खुनाची धास्ती वाढत गेली.

ज्या २०२२ मध्ये साडेअठ्ठावीस हजार खुनांचे गुन्हे दाखल झाले, त्याच वर्षी भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. जवळपास सहापट. पण दुचाकीवरून निघालेल्या मुलाला आई ‘हेल्मेट घाल’ असं एकदा सांगते आणि ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ असं दहादा.

खुनांची कारणंही तोच अहवाल देतो. सर्वांत मोठं कारण वाद: जमिनीचा, पैशाचा, घरातला, शेजाऱ्याशी झालेला. असे ९,९६२ गुन्हे. लुटीसाठी किंवा फायद्यासाठी झालेल्या खुनांचे गुन्हे दोन हजारांच्या आत. बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत ९५ टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, कुणी नातेवाईक, कुणी शेजारी, कुणी मित्र, कुणी मालक. महिलांवरच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा पती आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा, जवळपास एक तृतीयांश. म्हणजे धोक्याचा पत्ता बहुतेक वेळा घराचाच किंवा घराजवळचा. बातमीतल्या भीतीचा पत्ता मात्र कायम दूरचा: अंधारी गल्ली, झोपडपट्टी, परप्रांतीय, भटका, अनोळखी.

बातमीचा खरा परिणाम इथे शोधावा लागतो. ती लोकांना घाबरवते, ही नेहमीची तक्रार अर्धवट आहे. लोक तसेही घाबरतात. कोणाला घाबरायचं, हे मात्र बातमी ठरवून देते.

अपहरणांचंच पाहा. या शीर्षकाखाली २०२२ मध्ये देशात १,०७,५८८ गुन्हे नोंदले गेले. हा आकडा ठळक अक्षरांत छापला की कुणाच्याही छातीत धस्स होईल. पण मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार अपहरण समजून नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर मे २०१३ मध्ये दिला, त्यानंतर हे आकडे फुगले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ललिताकुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरली. रागावून घर सोडलेला मुलगा, प्रियकराबरोबर निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, यात्रेत चुकलेलं पोर, सगळे या रकान्यात येतात. २०२२ मध्ये शोध लागलेल्या अपहृतांची संख्या, आधीच्या वर्षांतले धरून, एक लाखाच्या वर आहे. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या भिन्न गोष्टी आहेत, असा इशारा एनसीआरबी स्वतःच आपल्या अहवालात देते. पण वर्षातून एकदा अहवाल आला की ‘अमुक शहर गुन्ह्यांची राजधानी’ हा मथळा ठरलेला. नागपूरकरांनी तो इतक्यांदा वाचला आहे की आता त्यांना त्याचं काही वाटत नसावं. ज्या जिल्ह्यात पोलीस तक्रार घेतात तो जिल्हा बदनाम होतो, आणि जिथे फिर्यादीला ठाण्याच्या पायरीवरून परत पाठवतात तो शांत ठरतो.

मुलं पळवणाऱ्या टोळीची भीती महाराष्ट्रात हवेतून आलेली नाही. तिला एक खरा, भयंकर आधार आहे. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांनी १९९० ते १९९६ या काळात गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुलं उचलली, चोऱ्या करताना ढालीसारखी वापरली आणि त्यातल्या काहींना मारून टाकलं. १९९६ मध्ये त्या पकडल्या गेल्या. अंजनाबाई खटल्याआधीच तुरुंगात मेली. बहिणींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या न्यायालयाने फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि दयेच्या अर्जाला लागलेल्या अक्षम्य विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचं जन्मठेपेत रूपांतर केलं. त्या वेळच्या बातम्या वाचून ज्या आया आपल्या मुलांचा हात घट्ट धरून चालल्या, त्यांचं काही चुकलं नव्हतं. जोशी-अभ्यंकर खून सत्रात, १९७६-७७ मध्ये, संध्याकाळी दारं लावून बसलेल्या पुण्याचंही चुकलं नव्हतं. खरा मारेकरी मोकळा असताना घाबरणं शहाणपणाचंच असतं.

अडचण नंतर येते. मारेकरी पकडला जातो, खटला संपतो, पण भीतीचा साचा तसाच राहतो आणि मिळेल त्याला त्यात घातलं जातं. ‘मुलं पळवणारी टोळी सक्रिय?’ असा प्रश्नचिन्ह लावलेला मथळा कुठल्याही वर्षी, कुठल्याही जिल्ह्यात चालतो. प्रश्नचिन्ह ही संपादकाची पळवाट. टोळी नसेलच तर आम्ही फक्त प्रश्न विचारला होता! वाचक मात्र प्रश्नचिन्ह वाचत नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारे. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसला. एवढं पुरलं. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं, खोलीत कोंडलं, मग दार फोडून आत घुसून ठेचून मारलं. पाचही मेले.

त्या आधीचे कित्येक दिवस धुळे, नंदुरबार, नाशिक, औरंगाबाद या पट्ट्यात मोबाइलवर चित्रफिती फिरत होत्या. त्यांतली एक पाकिस्तानात, कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागं करण्यासाठी काढलेली होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, मग ते परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. शेवटचा भाग कापला की उरतं ते अपहरण. मालेगावच्या बाजूला सीरियातल्या घौता इथे २०१३ मध्ये विषारी वायूने मेलेल्या मुलांची दृश्यं ‘किडन्या काढलेली मुलं’ म्हणून फिरवली गेली. या मजकुराचा थाट बातमीचा होता: गावाचं नाव, आकडा, ‘पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार’, आणि ‘पुढे पाठवा’. अफवेने बातमीचे कपडे घातले होते. हे कपडे ज्यांनी शिवले त्यांना अफवेला बोल लावताना थोडं जपूनच बोलावं लागेल. रोज रात्री लाल पट्ट्यांवर ‘सावधान’ लिहून दाखवणाऱ्या वाहिन्यांनी लोकांना तो थाट ओळखीचा आणि विश्वासाचा करून दिला होता.

राईनपाडा घडलं त्याच रात्री मालेगावात परभणीकडचं एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं. नवरा-बायको, दोन वर्षांचं मूल आणि सोबत आणखी दोघे. स्वतःचंच मूल कडेवर असलेल्या माणसांवर मूल पळवल्याचा संशय. एका रहिवाशाने त्यांना घरात घेऊन दार लावलं, बाहेर शेकडोंचा जमाव, आणि अपर पोलीस अधीक्षक हर्ष पोद्दार यांच्या पथकाने त्यांना जिवंत बाहेर काढलं. राईनपाडा देशभर गाजलं, मालेगाव त्यामानाने थोड्यांच्या लक्षात राहिलं. पाच मेले ही बातमी होती. पाच वाचले ही आतल्या पानावरची बातमी. पण जमावापासून माणसं कशी वाचवायची हे ज्याला शिकायचं आहे त्याला मालेगावच वाचावं लागेल.

इंडियास्पेंड या संकेतस्थळाने जानेवारी २०१७ ते जुलै २०१८ च्या पहिल्या आठवड्यापर्यंतची मोजदाद केली, तेव्हा मुलं पळवण्याच्या संशयावरून देशभर ६९ हल्ले आणि ३३ बळी सापडले. सरकारने व्हॉट्सॲपला नोटीस धाडली. व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, पुढे पाठवलेल्या संदेशावर खूण आणली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी झुंडबळीविरोधात सविस्तर निर्देश दिले. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मार खावा लागला. ते पंढरपूरला निघाले होते आणि रस्ता विचारायला एका मुलाजवळ थांबले होते.

साधूंचा विषय निघाला की गडचिंचले टाळता येत नाही. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीतली रात्र. मुंबईहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले जुना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांचा चालक. आडवाटेने जाताना पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात या गावापाशी त्यांची गाडी अडवली गेली. चोर, मुलं पळवणारे, अवयव काढणारे रात्री फिरताहेत ही अफवा त्या भागात आधीपासून होती. दोनच दिवस आधी जवळच एका डॉक्टरच्या गाडीवर हल्ला झाला होता. पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांना मारण्यात आलं. चित्रफीत तीन दिवसांनी बाहेर आली आणि मग वाहिन्यांनी मृत्यूचं कारण शोधायला सुरुवात केली. प्रत्येकीने ते आपापल्या ठरलेल्या शत्रूत शोधलं. धर्म, पक्ष, कट, परदेशी हात. गृहमंत्री अनिल देशमुख यांना शेवटी अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून त्यात एकही मुस्लिम नसल्याचं सांगावं लागलं. आरोपींची नावं जाहीर करून धर्म सिद्ध करायची वेळ गृहमंत्र्यावर येते, यावरून त्या आठवड्यात पडद्यावर काय चाललं होतं याचा अंदाज यावा. चौदा तारखेचा हल्ला वेळीच गांभीर्याने घेतला असता तर सोळा तारीख टळली असती का, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात बाजूलाच पडला.

दोन महिन्यांनी अभिनेता सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू झाला, आणि टाळेबंदीत घरात अडकलेल्या देशाला वाहिन्यांनी खुनाची एक मालिका दाखवली. त्या वर्षी करोनाने माणसं मरत होती, मजूर रस्त्याने चालत गावी गेले होते, आणि प्राइम टाइम एका फ्लॅटच्या पंख्याभोवती फिरत होता. त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिला अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सप्टेंबरमध्ये अटक झाली, महिन्याभरात जामीन मिळाला. ऑक्टोबरमध्ये एम्सच्या डॉक्टरांनी खुनाची शक्यता फेटाळली. सीबीआयने मार्च २०२५ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. मधल्या काळात या वार्तांकनाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या. याचिकाकर्त्यांत महाराष्ट्र पोलिसांतले आठ निवृत्त वरिष्ठ अधिकारी होते. १८ जानेवारी २०२१ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी निकाल दिला. तपास चालू असताना माध्यमांनी चालवलेला खटला न्यायदानात हस्तक्षेप करतो, असं त्यांनी म्हटलं आणि काय दाखवू नये याची यादीच दिली. दोन वाहिन्यांचं काही वार्तांकन प्रथमदर्शनी अवमानकारक ठरवूनही त्यांनी कारवाई केली नाही. शिक्षा नसलेला निकाल वाहिन्यांनी किती मनावर घेतला, ते रोज रात्री नऊला कोणालाही पाहता येतं.

एवढं सगळं म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवून घ्यायला ऑगस्ट २०२४ मध्ये पोलिसांनी अनेक तास लावले. लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि कॅमेरे तिथे पोचले, तेव्हा यंत्रणा हलली. त्याच वर्षी मे महिन्यात कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोघांचा बळी घेतला आणि अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला. पुण्याच्या वार्ताहरांनी त्या बातमीचा पाठपुरावा सोडला नाही, आणि ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याचं प्रकरण त्याच काळात उघड झालं. दोन्ही ठिकाणी माध्यमांनी लोकांच्या रागाला ठाण्याच्या, रुग्णालयाच्या, सत्तेच्या दाराशी नेलं. पत्ता बरोबर होता. बदलापूरच्या आरोपीचा सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला, तेव्हा मात्र बऱ्याच कॅमेऱ्यांनी पेढे वाटणारे लोक टिपले. कोठडीतल्या माणसाला गोळी कशी लागली हा अवघड प्रश्न न्यायालयांवर सोडून दिला गेला.

भटक्या-विमुक्तांना या चुकीच्या पत्त्याचा भुर्दंड पिढ्यान्‌पिढ्या बसला आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या लेखनातून तो शिक्का आतून कसा दिसतो हे मराठी वाचकाला दाखवलं. तरी ‘पारधी टोळी’ हा शब्दप्रयोग बातमीत आजही सर्रास येतो. ‘ब्राह्मण टोळी’ किंवा ‘मराठा टोळी’ असा मथळा कधी कोणी वाचला आहे का?

नाशिक परिसरात २००३ च्या जूनमध्ये एका शेतमजूर कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचे खून आणि बलात्कार. गुन्हा इतका अमानुष होता की आरोपी लवकर सापडणं ही सगळ्यांचीच गरज बनली. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांची फाशी उचलून धरली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे कित्येक वर्षांनी निष्पन्न झालं. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यांना खोटं गोवण्यात आलं आणि खरे गुन्हेगार निसटले, असा निष्कर्ष काढला. दोषी पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. सोळा वर्षांचे ५ लाख.

अटकेच्या आणि सुटकेच्या बातमीच्या मधे इतकी वर्षं जातात आणि तोवर वाचक बदललेला असतो, वार्ताहर बदललेला असतो, कधी कधी संपादकही. म्हणून वाचकाला एक विनंती. आपल्या तालुक्यातली ‘टोळी जेरबंद’ची पुढची बातमी कापून ठेवावी. वर्षभराने ते कात्रण जोडून संपादकाला पत्र टाकावं: या खटल्याचं काय झालं? एका पत्राने काही होणार नाही. एका गावातून पन्नास पत्रं गेली, तर कोणा तरी वार्ताहराला सत्र न्यायालयाची पायरी चढावीच लागेल.